पाय मागे घेतले

परवा आषाढीला वडाळ्याला गेले होते, तीच लांबलचक रांग, तोच पाऊस, त्यात नवीन काही नाही. रांग सरकत असताना बाजूने एक दिंडी चालली होती, त्यातले एक आजोबा, कपाळाला बुक्का, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, माझ्यासमोर थांबले, 'माउली' म्हणाले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी झटक्यात पाय मागे घेतले. त्यांना काहीच वाटलं नाही, ते पुढे गेले. मला मात्र तेव्हापासून तेच दिसतंय.

वारकरी एकमेकांच्या पाया पडतात हे काय मला माहीत नाही? लहानपणापासून बघतेय. वय बघत नाहीत, बाई-पुरुष बघत नाहीत, समोरचा वाकला की आपणही वाकायचं, एवढं साधं आहे ते. मग त्रास कसला होतोय?

पहाटे पाणी यायच्या आधी किचनमध्ये आसन टाकून बसते मी. काकांनी अनुग्रह दिला तेव्हापासून सोऽहं, पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची जी साधना तीच. श्वास आत जाताना सो, बाहेर येताना हं, माळ नाही, मोजणं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. तो परमात्मा तो मीच, हे रोज अंधारात स्वतःला सांगायचं आणि दिवसाउजेडी कोणी ते खरं मानून वाकलं की अंग चोरायचं. मग पहाटे मी नक्की काय म्हणते?

खरं तर माझ्या पाया कोणी पडावं अशी माझी जागा कधी नव्हतीच. माहेरी धाकटी, सासरीही धाकटी, ऑफिसात इतकी वर्षं काढली तरी 'जरा ती फाईल बघता का' एवढ्यापुरतीच आठवण. वाकायची सवय अंगात मुरलीये. ताईकडच्या पूजेला जे झालं ते तर... जाऊ दे, तो विषय आज नको. रात्री रडू आलं मला, की सगळ्यांच्यात देव आहे म्हणतात, मग आपल्याला तसं कोणी का नाही वागवलं कधी, आणि एकदा वागवलं तर आपल्यालाच ते घेता येऊ नये?

आणि अजून एक, जे लिहायला जास्त जड जातंय. आजोबा पुढे गेले तसं मी बघत राहिले, तर ते बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या पाया पडले, मग तुळशीमाळा विकणाऱ्या बाईच्या, मग कुणाच्यातरी कडेवरच्या पोराच्या इवल्याशा पायांना कपाळ टेकवलं. आणि मी खट्टू झाले. म्हणजे मान नको म्हणून पाय मागे घेतले आणि तो सगळ्यांनाच मिळतोय हे दिसल्यावर वाईट वाटलं, दोन्ही एकाच मिनिटात! फिरून फिरून इथेच येतेय मी. आधी जी म्हणाली की मी एवढी मोठी नाही, तीच लगेच म्हणाली की मग मी एकटीच का नाही. माझं धाकटेपण मला वाटतं तेवढं गरीब नाहीये, ते मी चांगलं धरून ठेवलंय.

दासबोधात सतराव्या दशकात अजपाचा, म्हणजे न जपता श्वासाबरोबर आपोआप चालणाऱ्या जपाचा समास आहे, दिवसरात्रीचे मिळून २१,६०० जप. मिनिटाला १५ श्वास धरले की बरोबर तेवढेच होतात, मी कागदावर करून बघितलं. म्हणजे मी आसनावर बसते तेवढा वेळ सोडला तर बाकी सगळा जप माझं लक्ष असो नसो चालूच आहे, कुर्ल्याला हार्बर पकडायला धावते तेव्हा, साहेबांसमोर उभी असते तेव्हा, आणि रांगेत पाय मागे घेतले तेव्हाही. हवालदाराचाही चालू होता. त्या पोराचा तर आमच्यापेक्षा जलद. हे लक्षात आलं आणि बरंच हलकं वाटलं, कारण मग मला सिद्ध करायला काही उरतच नाही, ना मोठेपण ना लहानपण. धाकटी तर धाकटी, श्वासाला कुठे फरक पडतोय.

निसर्गदत्त महाराजांची फार आठवण झाली मग. आपल्या खेतवाडीतले, बिडीचं दुकान चालवणारे. गुरू सिद्धरामेश्वर महाराजांनी सांगितलं 'मी आहे' एवढी जाणीव धरून राहा, आणि हे राहिले. १९३६ साली गुरू गेल्यावर घरदार सोडून निघालेही होते पण परत आले, आणि १९८१ ला जाईपर्यंत खेतवाडीतच, पोटमाळ्यावर बसून येईल त्याच्याशी बोलत राहिले, परदेशातून लोक यायचे. मला त्यांचं नवल वाटतं ते 'मी आहे' म्हणून तिथेच थांबता आलं याचं. माझं लगेच पुढे सुरू होतं, मी आहे पण धाकटी, मी आहे पण माझ्यात कुठे एवढं.

आज पहाटेही तो 'पण' आलाच. काकांना विचारायचंय की तो आला की तसंच श्वासाकडे परत यायचं, का थोडा वेळ त्याच्याकडेच बघत बसायचं. रविवारी ठाण्याला जाईन, सासूबाईंच्या डॉक्टरांची वेळ तेव्हाच नाही आली तर.