पट्टा सुटलाय असं वाटलं

मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ईईजी टेक्निशियन आहे, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद घेतो. फिट येणाऱ्या पेशंटना आमच्याकडे चार-पाच दिवस दाखल करून घेतात, गोळ्या कमी करतात आणि मग सगळे मिळून फिटची वाट बघतो. ऐकणाऱ्याला हे क्रूर वाटतं. पण आकडी मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून उठते ते पक्कं कळल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढता येत नाही. म्हणून डोक्याला वायरी, समोर कॅमेरा आणि काचेपलीकडे मी.

त्या आठवड्यात एक काम वाढलं होतं. आमच्या रेसिडेंट डॉक्टरांच्या थीसिससाठी प्रत्येक पेशंटच्या छातीला श्वास मोजणारा पट्टा बांधायचा होता. मला त्याचा वैताग होता. पेशंट कूस बदलला की पट्टा सरकतो, रेघ सपाट होते आणि दर वेळी उठून तो नीट करावा लागतो. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा आहे, ईसीजी आहे, आणखी पट्टा कशाला, असं मी त्यांना तोंडावर म्हणालोही होतो.

खाटेवर कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. सोबत आई. मी त्यांना मावशी म्हणायचो. मावशींच्या पिशवीत स्टीलच्या डब्याशेजारी दोन कांदे होते. फिट आली की नाकाशी फोडून धरायचे. गावाकडे तर चप्पलही हुंगवतात. "मावशी, याने काही होत नाही हो," असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण कांदे पिशवीतच राहिले.

रात्री पावणेतीनच्या सुमारास पट्ट्याची रेघ सपाट झाली. मेंदूच्या रेघा झोपेतल्या, नेहमीसारख्या. नाडी व्यवस्थित. म्हटलं, सुटला परत. शिव्या घालत उठलो, आत गेलो आणि पांघरुणाखाली हात घातला तर पट्टा जागेवर, घट्ट. छाती मात्र हलत नव्हती. मुलगी शांत पडलेली. हे काय ते कळायच्या आत तिची मान उजवीकडून डावीकडे वळली, तोंडातून ती चिरकी आरोळी निघाली आणि सगळं अंग ताठ झालं.

पुढचं दीड मिनिट आम्हाला पाठ असतं. खाटेचे कठडे वर, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. सिस्टर धावत आल्या, ऑक्सिजन लावला. झटके हळूहळू विरळ झाले आणि थांबले.

"झोपली बाई एकदाची," मावशी म्हणाल्या. घरोघरी हेच म्हणतात. झटके थांबले म्हणजे संकट टळलं, आता तिला पडू द्या, दिवा मालवा.

मी काचेतून पलीकडचा स्क्रीन बघितला. मेंदूच्या सगळ्या रेघा सपाट. मोठ्या आकडीनंतर असं होतं, ते ओळखीचं होतं. पण त्यांच्याखाली पट्ट्याची रेघही सपाटच होती. हृदय चालू होतं, मघाशी १४० वर असलेली नाडी आता उतरत होती. ऑक्सिजन ५८. सिस्टरनी हनुवटी उचलली, तोंडातली लाळ सक्शनने ओढली, पाठ जोरजोरात चोळली, नावाने हाका मारल्या. मग हाताने दाबून श्वास देायची अंबू बॅग घेतली. तीन-चार वेळा दाबली असेल आणि मुलीने स्वतःहून एक मोठा, घोरल्यासारखा श्वास घेतला. इतका कुरूप आवाज मला इतका गोड कधी वाटला नव्हता. मावशी हातात अर्धा कांदा घेऊन उभ्या होत्या.

सकाळी रेसिडेंट डॉक्टर माझ्या शेजारी बसून रेकॉर्डिंग पुढेमागे करत राहिले. आकडी ईईजीवर दिसायच्या आधीच श्वास थांबलेला होता. ते म्हणाले, २०१५ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी मेंदूत इलेक्ट्रोड घातलेल्या पेशंटच्या अमिग्डालाला, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या एका छोट्या भागाला, हलका विद्युतप्रवाह दिला, आणि श्वास थांबला. नवल म्हणजे, आपला श्वास थांबलाय हे त्या जाग्या माणसांना कळलंच नाही. आकडी अमिग्डालात पोचली की असंच काहीसं होत असावं.

दुसरी गोष्ट ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. २०१३ साली निरनिराळ्या देशांतल्या आमच्यासारख्याच मॉनिटरिंग युनिटमधले मृत्यू एकत्र तपासले गेले होते. फिटच्या पेशंटचे असे अचानक झालेले १६ मृत्यू, बहुतेक रात्रीचे. ज्यांचं रेकॉर्डिंग पुरेसं होतं त्या सगळ्यांत क्रम एकच: मोठी आकडी, मग श्वास कायमचा थांबला, आणि हृदय त्यानंतर. इतकी वर्षं मी ईसीजीकडे बघून निर्धास्त राहत होतो. म्हणजे शेवटी बंद पडणाऱ्या गोष्टीवर डोळा ठेवून.

औषधाचं विचारलं तर ते हसले. डीबीए-१ जातीच्या उंदरांना मोठी घंटा ऐकवली की आकडी येते, श्वास थांबतो आणि ते मरतात. आधी फ्लूओक्सेटिन हे मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवणारं औषध दिलं तर पुष्कळसे वाचतात. म्हणजे सेरोटोनिनचा यात हात आहे. माणसात मात्र असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. मोठ्या आकड्या गोळ्यांनी आटोक्यात ठेवणं आणि रात्री जवळ कुणी असणं, सध्या एवढंच. आकडीच्या वेळी लवकर जाऊन पेशंटला हलवलं, कुशीवर वळवलं, ऑक्सिजन-सक्शन केलं तर ऑक्सिजन कमी राहण्याचा वेळ घटतो, हे मात्र नोंदलं गेलंय. मला कांदे आठवले. कांद्यात काही नाही, पण कांदा घेऊन धावत येणारी आई हलवते, हाका मारते. ती 'झोपू द्या' म्हणून दिवा मालवत नाही.

दुपारी डॉक्टरांनी मायलेकींना सगळं नीट समजावलं. फिट येणाऱ्या मोठ्या माणसांत वर्षाला साधारण हजारात एकाला असा अचानक मृत्यू येतो, गोळी चुकवली की धोका वाढतो. आपल्याकडे घाबरतील म्हणून हे सांगायचं टाळतात. मला ते पटत नाही. माहीतच नसेल तर रात्री उठणार कोण?

मुलीला रात्रीचं काहीच आठवत नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि वैतागून म्हणाली, "म्हणजे आता आई माझ्या होस्टेलवर येऊन झोपणार?"

मावशींचा चेहरा असा, की लगेच बॅग भरतील. शेवटी रूममेटला व्हिडिओ कॉल लावला. मी खाटेवरची लांब उशी घेतली आणि तिला कुशीवर कसं वळवायचं, हनुवटी कशी उचलायची ते दाखवू लागलो. "दादा, फोन जरा खाली धरा," ती पलीकडून म्हणाली, "उशी दिसत नाहीये."