इथे ओळख चालत नाही

कोकणात निम्मी कामे ओळखीवर होतात. एस.टी.च्या वाहकाच्या हाती दिलेली औषधांची पिशवी देवगडहून कणकवलीला बिनबोभाट पोचते, वाशीच्या दलालाकडे आंब्याच्या पेट्या तोंडी बोलीवर रवाना होतात, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. त्यामुळे आमच्या शेजारच्या अण्णांच्या पुण्यातल्या भाच्याने बागेचा हिशेब ठेवण्यासाठी स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम मेलने धाडला आणि मेलच्या फिल्टरने, म्हणजे धोक्याच्या फाइली रोखणाऱ्या चाळणीने, तो वाटेतच अडवला, तेव्हा अण्णांना तो घरच्या माणसाचा अपमान वाटला. ‘‘माझो सख्खो भाचो तो, त्याका कित्याक अडवतत?’’ हे ते भेटेल त्याला विचारत होते.

भाचा हिकमती. त्याने फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी टिंबानंतरची अक्षरे, बदलून ती साध्या मजकुराची असल्याचे भासवले. पण फिल्टर नुसत्या नावावर विसंबत नाही, फाइलचे पहिले बाइटही तपासतो, आणि विंडोजच्या प्रोग्रामची सुरुवात ‘एमझेड’ या दोन अक्षरांनीच होते. (मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ती आद्याक्षरे.) मग त्याने झिप करून पासवर्ड घातला. साध्या झिपमध्ये पासवर्ड आतल्या मजकुराला लागतो, फाइलींची नावे मात्र उघडीच राहतात, त्यामुळे तीही परत आली.

मला विचाराल तर फिल्टरचे काही चुकले नाही. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस जगभर पसरला तो ओळखीच्याच जोरावर. प्रेमपत्र म्हणून जोडलेल्या त्या फाइलच्या नावात शेवटी ‘व्हीबीएस’ हे प्रोग्रामचे शेपूट होते, पण विंडोज ते शेपूट दाखवतच नसे, त्यामुळे दिसायला ती निरुपद्रवी मजकुराची फाइल. उघडली की ती आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला आपणहून रवाना होई. म्हणजे मेल खरोखरच साहेबांच्या, मेहुण्याच्या किंवा जुन्या मैत्रिणीच्या पत्त्यावरून येत असे, फक्त तो त्यांनी लिहिलेला नसे. ज्या जगात सख्ख्या भाच्याच्या नावाने कोणीही येऊ शकतो, तिथे भाचेपणाला सवलत द्यायची तरी कशी?

माझी तक्रार वेगळीच आहे. काही कचेऱ्यांचे सर्व्हर अशी फाइल गुपचूप बाजूला काढून ठेवतात. पाठवणारा निर्धास्त, घेणारा वाट पाहत बसलेला, आणि दोघेही मनातल्या मनात एकमेकांवर रागावलेले. अडवायचे तर अडवा, पण तसे तोंडावर सांगा.

शेवटी गणपतीला येताना भाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन आला. अण्णांच्या शेजारी बसून तो संगणकावर चढवू लागला, तोच पडद्यावर सूचना आली की या प्रोग्रामचा प्रकाशक अज्ञात आहे. अण्णांनी चष्मा वर करून आधी सूचनेकडे, मग भाच्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘ह्येका सांग, मी वळखतंय.’’