बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचं नाव कसं शोधायचं

‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेले होते.’ साताऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धाची एवढीच आठवण उरली आहे. पलटण कुठली, गेले कधी, परत आले का, काही ठाऊक नसतं. पुढची पिढी नोकरीसाठी पुण्यात येते आणि एखाद्या दिवाळीत माळ्यावरच्या डब्यातून एक काळा पडलेला बिल्ला निघतो. मग शोध सुरू होतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

चुकीची जागा म्हणजे खडकीचं वॉर सिमेट्री. मुळा रोडवरचं ते आवार जरूर बघा, पण पणजोबा तिथे सापडायचे नाहीत. तिथल्या १,६६८ नोंदी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत. आवारातच १९१४-१८चं स्मारक आहे, त्यावर अठराशेहून जास्त नावं आहेत. पण ती हिंदुस्थानात वारलेल्यांची, ज्यांच्या मूळ कबरी आता सांभाळता येत नाहीत अशांची. त्यांतले ६२९ जण मुंबईच्या शिवडीहून १९६२ साली इथे आणले गेले. बसऱ्याकडे मेलेल्या मराठी शिपायाचा याच्याशी संबंध नाही.

तो शिपाई बहुधा जिच्यात होता, तिचं नाव मात्र पुण्याचंच: सहावी पूना डिव्हिजन. तिची एक ब्रिगेड सगळ्यात आधी, ६ नोव्हेंबर १९१४ला, आजच्या इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली. त्याच महिन्यात बसरा पडलं, एप्रिल १९१५मध्ये शैबाची लढाई झाली, सप्टेंबरात टायग्रिसकाठचं कुत हाती आलं आणि नोव्हेंबरात बगदादच्या दाराशी, टेसिफोनला, सगळं फिसकटलं. माघारी कुतला आलेली फौज ७ डिसेंबर १९१५पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, शिवाय खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, कंपन्या. दळायची सोय नव्हती म्हणून जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. घोड्याचं मांस बरेच हिंदी शिपाई खाईनात, भाजीपाला नव्हताच, त्यामुळे स्कर्व्हीने हिरड्या सडल्या. सोडवायला आलेल्या फौजेचे मेलेले-जखमी मिळून सुमारे २३ हजार झाले, तरी वेढा फुटला नाही. शरण गेलेले सुमारे १३ हजार. हिंदी कैद्यांतल्या अनेकांना पुढे रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. आपल्याकडे सिनेमे निघतात, व्याख्यानं होतात ती फ्रान्सच्या खंदकांवर. पण सगळ्यात जास्त हिंदी माणसं गेली ती मेसोपोटेमियातच, म्हणजे या इराकातच.

आता बिल्ला. आधी एक विनंती: पितांबरी, चिंच, राख, काहीही लावू नका. नाव बिल्ल्याच्या तोंडावर नसतं, कडेवर ठोकलेलं असतं, आणि घासून पहिल्यांदा जातं ते तेच. चांदीचा गोल बिल्ला, एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, तो ब्रिटिश वॉर मेडल. व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण ११३. पातळ कागदाची १२ सेंटिमीटर लांब पट्टी कडेभोवती गुंडाळा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. अक्षरं उमटतात: आधी नंबर, मग हुद्दा, नाव, शेवटी पलटण. हुद्दा बहुधा तोडून लिहिलेला असतो. शिपायाला SEP, नाईकला NK. कड गुळगुळीत असेल तर नाव मुद्दाम घासून काढलं असण्याची शक्यता आहे. चांदी असल्यामुळे हा बिल्ला सोनाराकडे वितळायलाही फार गेला, म्हणून अनेक घरांत नुसता पितळी दिसणारा व्हिक्टरी मेडल उरतो, पंख असलेल्या बाईचा. हरकत नाही, त्याच्याही कडेवर तीच माहिती असते.

घोडेस्वाराचाच बिल्ला चांदीऐवजी ब्राँझचा निघाला तर माणूस बंदूकवाला नव्हे, बहुधा लेबर कोअरमधला, म्हणजे मजुरांच्या पथकातला. त्यात कमीपणा काही नाही. नोंदी मात्र आणखी विरळ. आणि चार टोकांचा तारा असेल, मध्ये १९१४-१५ लिहिलेला, तर मोठा धागा हाती आला: हा माणूस ३१ डिसेंबर १९१५च्या आत रणभूमीवर पोचला होता. ताऱ्यावरचं नाव पाठीमागे असतं. तारा आणि ११० मराठा असं दोन्ही जुळलं तर कुतच्या वेढ्याचा संशय घ्यायला जागा आहे.

पलटणींचे नंबर १९२२ साली बदलले, तिथे बरेच जण वाट चुकतात. १०३ची झाली पहिली मराठा, म्हणजे आजची जंगी पलटण. १०५ दुसरी, काळी पाचवी. ११० तिसरी, जी पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. ११६ चौथी, ११७ पाचवी. ११४ची दहावी, म्हणजे ट्रेनिंगची, झाली. १११ महार शोधत असाल तर ती १९१७ला उभी राहिली आणि १९२१ला मोडली.

यानंतरच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळाकडे वळा. तिथे फक्त मेलेल्यांची नावं आहेत, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातली. पणजोबा घरी परतले असतील तर तिथे रात्री जागवू नका. नाव टाकून शोधू नका, हे दुसरं. इंग्रज कारकुनाने पवारचं पोवार केलं, जाधवच्या शेवटी व्हीऐवजी ओ लावला, शिंदेतला एच गाळला. त्यापेक्षा युद्ध पहिलं, फौज इंडियन, आणि पलटण एवढंच भरा, आणि जादा माहितीच्या रकान्यात तालुका टाका. नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असा क्रम सापडतो.

जिल्हा तेव्हाचा घ्यायचा. सांगली नव्हतं, तासगाव, वाळवा, खानापूर साताऱ्यात. सिंधुदुर्ग १९८१चा, म्हणून मालवण, देवगड रत्नागिरीत. महाड कुलाब्यात. भोरचा माणूस पुणे जिल्ह्यात शोधून उपयोग नाही, भोर संस्थान होतं. बापाचं नाव पक्कं करायला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची नोंदवही), तहसीलमध्ये बघा. कुणबी नोंदींमुळे हा शब्द आता घरोघर पोचलाय आणि मोडी वाचणारेही सापडतात, तेवढा फायदा करून घ्या. मृत्यूच्या तारखेवर मात्र विसंबू नका; कैदेत गेलेल्यांची तारीख बरेचदा अंदाजाने टाकलेली असते.

नोंद मिळाली की ठिकाण बहुधा ‘बसरा मेमोरियल’ दिसेल. हे स्मारक साडेचाळीस हजारांहून जास्त जणांचं. त्यावर गोरे शिपाई आणि हिंदी अधिकारी नावाने कोरले. हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीखाली फक्त आकडा. नावं वेगळ्या वहीत. इराकमधल्याच अमाऱ्याच्या हिंदी दफनभूमीत तर सुमारे पाच हजार माणसं आहेत आणि ओळख पटलेली फक्त नऊ. या असमानतेची कबुली कमिशनने २०२१ साली अहवालात दिली.

आकड्याचाच प्रकार आपल्याकडच्या बऱ्याच गावांत आहे. चावडी, देऊळ, शाळा, कुठेतरी भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नावं नाहीत. पाटीवर ऑइलपेंट बसला असेल तर सुरीने खरवडू नका, ॲसिड तर अजिबात नको. ते संगमरवर लगेच खातं. ओल्या फडक्याने पुसा, अंधार पडल्यावर मोबाइलची बॅटरी एका बाजूने, भिंतीला लागून धरा आणि फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात.

पाटीवर मेलेले तीन असतील, तर नोंदीतून त्या गावाची तीन नावं निघेपर्यंत शोध चालू ठेवा. गावाचं स्पेलिंग दोन-चार तऱ्हांनी करून बघा. तिन्ही मिळाली की देवनागरीत लिहून फ्रेम करा आणि पाटीच्या शेजारी लावा. खिळा मात्र बाजूच्या भिंतीत ठोका, संगमरवरात नको.