मी वाचायचे, त्या अर्थ सांगायच्या

"काय करूलालीस गं तिकडं?" आई दर फोनला विचारायची. बायकांना लिहा-वाचायला शिकवते, असं मी सांगायचे. ते अर्धंच खरं होतं.

२०१८ साली आठ महिने मी नेपाळच्या रसुवा जिल्ह्यात होते, काठमांडूच्या उत्तरेला, तिबेटच्या सीमेला लागून. व्हिसा लागला नाही, घड्याळ फक्त १५ मिनिटं पुढं केलं. सुट्टी शनिवारी आणि रविवारी शाळा, याची सवय व्हायला मात्र वेळ लागला. संध्याकाळी आमा समूहाच्या, म्हणजे गावातल्या आयांच्या गटाच्या, बायकांचा प्रौढवर्ग घ्यायचा, एवढंच माझं काम.

नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळं मी निर्धास्त होते. पहिल्याच संध्याकाळी एका बाईंनी चार घड्या घातलेला कागद पुढं केला. मी तो खडाखडा वाचून दाखवला. वाचून होते तोवर त्यांचे डोळे भरून आलेले, बाकीच्या एकदम बोलायला लागलेल्या, आणि मला एका ओळीचाही अर्थ लागलेला नव्हता. मग त्यांनीच मला हात धरून बाहेर नेलं आणि कमरेएवढी उभी राहिलेली भिंत दाखवली.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात त्यांचं घर गेलं होतं. सरकार घर बांधायला ३ लाख नेपाळी रुपये देत होतं, पण तीन हप्त्यांत: आधी ५० हजार, मग दीड लाख, शेवटी १ लाख. एक टप्पा बांधून दाखवला की पुढचे पैसे. करारावर त्यांनी ल्याप्चे, म्हणजे अंगठा, उठवला होता. त्यात काय लिहिलंय ते त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडलं. पुढं महिनाभर वर्ग असाच चालला. मी वाचायचे, त्या अर्थ सांगायच्या.

अ-आ-इ पासून सुरुवात करायची नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ साली शेतमजुरांना त्यांच्याच रोजच्या शब्दांतून वाचायला शिकवलं, त्याच वाटेनं जायचं. म्हणून फळ्यावरचा पहिला शब्द 'घर', दुसरा 'किस्ता', म्हणजे हप्ता. जोडाक्षर इतक्या लवकर नको, असं मला वाटत होतं. पण ज्या शब्दावर घराचं छप्पर अडलंय, तो शब्द माणूस विसरत नाही.

एकदा मी फळ्यावर 'बेळगाव' लिहिलं. 'ळ' बघून सगळ्या थांबल्या. हे अक्षर नेपाळीत नाहीच. कितीदा म्हणून दाखवलं तरी त्यांच्या तोंडी 'बेलगाव'च यायचं. त्या बायका घरी तामाङ बोलतात, त्यांची मुलं पहिलीत नेपाळी पुस्तकापुढं गप्प बसतात. २०१५ च्या संविधानानं मातृभाषेतून शिकण्याचा हक्क दिलाय, पण त्या मुलांच्या हातात अजून तामाङ पुस्तक नव्हतं. सीमाभागात वाढलेल्या मला ती गप्प मुलं ओळखीची वाटली.

परत आले आणि आईबरोबर खानापूरच्या बसस्टँडवर उभी होते. ती मराठी वर्तमानपत्र रोज वाचते. बाजारात कन्नड असं बोलते की समोरच्याला ती तिकडचीच वाटावी. आणि प्रत्येक बस आली की ड्रायव्हरला विचारत होती, "जांबोटीगे होगतैतेनरी?" म्हणजे, जांबोटीला जाते का? पाटी कन्नडमध्ये होती. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहिले, पण हे मला कधी दिसलंच नव्हतं. १९५६ पासूनचा सगळा वाद आमच्या घरात जेवताना बोलला जायचा, मोर्चेही झाले, आणि मराठीचा आग्रह माझाही आहे. पण आईला रोज पाच माणसांना विचारून बस पकडावी लागते, याला आमच्यापैकी कुणी अडचण म्हटलंच नव्हतं.

आता रविवारी दुपारी आमच्या सोप्यात सहा बायका बसतात. कन्नड सगळ्यांना बोलता येतं, फक्त अक्षरं नवी. पहिला शब्द आईनंच निवडला: 'उतारा'. जमिनीचा कागद, दोन्ही भाषांत जवळपास तसाच बोलला जाणारा.

गेल्या महिन्यात तिनं ट्रंकेतून आमचा उतारा काढला, बोट ठेवत ठेवत स्वतःच्या नावापर्यंत आली आणि थांबली.

"ह्यात नुसता ल हाय. माझ्या नावात ळ हाय की."

दुरुस्तीचा अर्ज दिलाय. सही तिनं कन्नडमध्ये केली, ळ जरा मोठाच काढून.