तारण, निवड आणि आमच्या बायबल स्टडीतला वाद

हल्ली पुण्यातल्या आपल्या तरुण मुलांमध्ये कॅल्विनिस्ट की आर्मिनियन, म्हणजे कोणाचं तारण व्हायचं हे देवच आधी निवडून ठेवतो की माणूस त्याची कृपा नाकारू शकतो, हा वाद फारच पेटलाय, कॅम्पातलं जुनं चर्च असो नाहीतर वडगाव शेरीतली घरगुती प्रार्थना सभा, युट्यूबवर अमेरिकन पास्टरांचे मेसेज ऐकून आलेला एखादा तरी असतोच, आणि चहा हातात येण्याआधीच विचारतो, तुम्ही कॅल्विनिझमचे पाच मुद्दे मानता का? विचारावं, जरूर विचारावं, मलाही हा विषय जिव्हाळ्याचा आहे, पण तो ज्या पद्धतीने माणसांच्या अंगावर फेकला जातो ते मला बघवत नाही.

मूळ भांडण हॉलंडमधलं. आर्मिनियस लायडनला प्राध्यापक होता, १६०९ मध्ये वारला, आणि १६१० मध्ये त्याच्या बाजूच्या लोकांनी पाच कलमांचं निवेदन दिलं. त्याला उत्तर म्हणून डॉर्टची सभा भरली, १६१८-१९ मध्ये, तिथे जे ठरलं त्यालाच आज कॅल्विनिझमचे पाच मुद्दे म्हणतात. म्हणजे ज्याच्या नावाने हे चालतं त्या धर्मसुधारक कॅल्विनने काही अशी यादी बनवली नव्हती, तो १५६४ मध्येच गेला होता. आणि त्यात राजकारणही होतं, आर्मिनियन बाजूला पाठीशी घालणाऱ्या ओल्डनबार्नेव्हेल्ट नावाच्या म्हाताऱ्या मुत्सद्द्याचा १६१९ च्या मे महिन्यात हेगमध्ये शिरच्छेद झाला. देवाच्या कृपेवर वाद घालताना हे रक्त आपल्या लक्षात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता एक गैरसमज, जो सगळ्यात जास्त त्रास देतो. आर्मिनियन म्हणजे माणूस स्वतःच्या जोरावर तारण मिळवतो म्हणणारे, असं सर्रास सांगतात. साफ चूक. माणूस पापात इतका बुडालेला आहे की कृपेशिवाय तो देवाकडे वळूच शकत नाही हे आर्मिनियसही म्हणत होता. प्रश्न एवढाच आहे की ती कृपा माणूस नाकारू शकतो का. आपल्याकडे दक्षिणेतल्या वैष्णवांमध्ये असाच वाद झालाय, माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू आईच तोंडात धरून नेते. कॅल्विनिस्ट मांजरीच्या बाजूचे हे बरोबर बसतं, पण आर्मिनियन पूर्णपणे माकडाच्या बाजूचे नाहीत, कारण त्यांच्या मते धरायची ताकदसुद्धा आईच आधी देते. आणि एकदा विश्वासात आलेला माणूस पुन्हा गळू शकतो का, हा प्रश्न तर १६१० च्या निवेदनात त्यांनी उघडाच ठेवला होता, वचनांचा अजून अभ्यास करू म्हणून.

हे सगळं ठीक, पण आमच्या बायबल स्टडीत जे झालं ते सांगते. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय चालू होता, जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्याला निवडलं ते वचन. एक मुलगा छान तयारी करून आला होता, बोलतही छान होता. तो थांबला तशा एक काकू, ज्या एरवी काहीच बोलत नाहीत, बायबल मांडीवर बंद करून म्हणाल्या, "मग आमचा मोठा? तो चर्चला येणं सोडून किती वर्षं झाली. त्याला देवाने निवडलंच नव्हतं का रे?" तो मुलगा म्हणाला, "काकू, ते देवाच्या सार्वभौमत्वावर आहे." शिकवणीप्रमाणे उत्तर चुकलं नव्हतं, तरी काकूंचा चेहरा पडला आणि खोलीत कोणाला काय बोलावं कळेना. खरं तर कॅल्विनच्या शिकवणीतही कोण निवडलेलं नाही हे ओळखायचा अधिकार आपल्याला नाही, आज लांब गेलेला उद्या येऊ शकतो, हे त्याच मुलाने काकूंना सांगायला हवं होतं ना. कॅल्विनिस्टांकडे आईला द्यायला एवढा मोठा आधार आहे, की देव ज्याला धरतो त्याला सोडत नाही, आणि तोच नेमका सांगायचा राहतो.

मी स्वतः आर्मिनियन बाजूला झुकते. देवाने जगावर एवढी प्रीती केली, यातलं जग मला फक्त निवडलेले लोक नाही, अख्खं जगच वाटतं. पण त्या रात्री काकूंच्या मोठ्या मुलासाठी प्रार्थना करताना मी "देवा, त्याला ठरवू दे" असं नाही म्हणाले, "देवा, त्याचं मन वळव" असंच म्हणाले, आणि माझ्या ओळखीचा प्रत्येक आर्मिनियन असंच म्हणतो.

माझी आई स्कॉटिश मिशनच्या चर्चमधली, बाबा मेथडिस्ट, म्हणजे कागदावर एक कॅल्विनच्या वारशातली आणि एक, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या आर्मिनियन बाजूच्या वेस्लीच्या. घरात संध्याकाळी दोघंही ना. वा. टिळकांचीच भजनं म्हणायचे. वेस्ली आणि त्याचा कॅल्विनिस्ट सहकारी व्हाइटफील्ड याच मुद्द्यावरून जाहीरपणे भांडले होते, १७३९ पासून, तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेल्यावर लंडनला त्याच्यासाठी प्रवचन वेस्लीनेच केलं.

आता आम्ही रोमकरांस पत्राचा नववा, देवाच्या निवडीबद्दलचा अध्याय घेणार आहोत. मी सांगून ठेवलंय की नववा वाचून थांबायचं नाही, दहावा आणि अकरावा त्याच बैठकीत वाचायचे, कितीही उशीर झाला तरी, कारण जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचं तारण होईल हे दहाव्यात आहे आणि पौल स्वतःच्याच लोकांसाठी किती तळमळतो ते तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही. काकूंना फोन केलाय, येते म्हणाल्यात.