चार हजार तासांची पट्टी मागे का सरकते : माझा अनुभव

युट्यूबवर जाहिरातीतून कमाई करायची तर हजार सबस्क्रायबर आणि लोकांनी व्हिडिओ बघितलेले ४,००० तास लागतात. हजार सबस्क्रायबर व्हायला फार काही करावं लागत नाही. माझं चॅनल सोयाबीनचं, प्रेक्षक लातूर, बीड, धाराशिवकडचे कास्तकार. पेरणीच्या तोंडावर बियाण्याच्या उगवणीचे दोन-चार शॉर्ट, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, टाकले की माणसं आपोआप जमतात. डोकं खाल्लं ते युट्यूब स्टुडिओतल्या, म्हणजे चॅनल सांभाळायच्या ॲपमधल्या, कमाईच्या पानावरच्या ४,००० तासांच्या पट्टीनं; किती तास भरले ते ती दाखवते. अजूनही ते पान उघडलं की चिडचिड होते.

स्टुडिओच्याच ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या पानावर, तास भरलेले दिसतात आणि कमाईच्या पानावर तीच पट्टी कितीतरी मागे. कारण दोन्हीकडचा हिशेब वेगळा. ॲनालिटिक्स सगळंच मोजतं. पट्टी फक्त सार्वजनिक व्हिडिओचे वैध तास मोजते. शॉर्ट फीडमध्ये बघितलेला वेळ त्यात धरत नाहीत, पैसे भरून जाहिरातीतून आणलेले व्ह्यूजही नाहीत. जुना व्हिडिओ आता बरा दिसत नाही म्हणून खासगी केला, अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असा) केला किंवा उडवला, की त्याचे तास गेले. लाइव्ह संपल्यावर रेकॉर्डिंग झाकून ठेवलं तरी तेच.

खरा घोळ पुढं आहे. पट्टी मागच्या ३६५ दिवसांची असते. रोज एक नवा दिवस आत येतो आणि वर्षापूर्वीचा एक दिवस बाहेर पडतो. बारमाही विषयाच्या चॅनलला हे जाणवत नाही, शेतीच्या चॅनलला मात्र इथंच मार बसतो. जूनमध्ये पेरणीचे व्हिडिओ चालले, तास धडाधड आले, तर पुढच्या जूनमध्ये ते तसेच धडाधड गळतात. त्यात पाऊस लांबला तर विचारूच नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आपल्याकडं कुणी तिफण जुंपत नाही, म्हणजे लोक उशिरा शोधायला लागतात. मागच्या वर्षीचे तास मात्र पावसाची वाट न बघता ठरल्या तारखेला पडतात. पट्टी पुढं जायचं सोडून मागं येते आणि आपण युट्यूबला शिव्या देत बसतो.

यावर उपाय म्हणजे वर्षाची आखणी. सोयाबीनच्या हंगामातले तास गळायच्या आत दुसरीकडून तास यायला हवेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभरा, मग तूर काढणी, मेच्या मध्याला पुन्हा उगवणशक्ती. व्हिडिओ गरजेच्या आठवडाभर आधी चढवायचा, त्याच दिवशी नाही.

हिशेब मांडून बघा. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबत असेल तर ८०,००० व्ह्यूज लागतात, पाच मिनिटं थांबला तर ४८,००० पुरतात. व्ह्यूजमागं पळण्यापेक्षा माणूस थांबवणं स्वस्त पडतं. आणि तो जातो कुठं, तर पहिल्या ३० सेकंदांत. "रामराम मंडळी, चॅनलवर स्वागत, घंटी दाबा" एवढं होईपर्यंत प्रेक्षक टिकल्याचा आलेख निम्म्यावर आलेला असतो. पहिल्याच फ्रेममध्ये उगवण तपासायला बियाणं गुंडाळून ठेवलेलं ओलं पोतं उलगडायचं. १०० दाणे, दहा-दहाच्या ओळी, त्यातले किती उगवले ते हातानं मोजून दाखवायचं. ७० उगवले तर एकरी ३० किलो बियाणं, हे उत्तर तिथंच सांगून टाकायचं. ६०च उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो, हा हिशेब पुढं. उत्तर दडवलं की लोक जातात, हिशेब बाकी ठेवला की थांबतात.

शेवटच्या २० सेकंदांत एंड स्क्रीनवर, म्हणजे शेवटी दिसणाऱ्या पुढच्या व्हिडिओच्या चौकटीत, पुढच्या टप्प्याचाच व्हिडिओ निवडून लावा: पेरणीनंतर तण, तणानंतर पिवळा मोझॅक रोग. निवड युट्यूबवर सोडली तर भलतंच काही दिसू शकतं.

हां, शॉर्टचं राहिलं. शॉर्टच्या वर्णनातली लिंक २०२३च्या ऑगस्टअखेरपासून दाबता येत नाही. स्टुडिओत 'संबंधित व्हिडिओ'चा रकाना असतो, मोठा व्हिडिओ तिथं जोडायचा. शॉर्टमधून मोठ्याकडं माणूस न्यायचा सरळ रस्ता हाच. शॉर्टच्या जोरावरच पात्र व्हायचं तर ९० दिवसांत १ कोटी वैध व्ह्यूज लागतात. मराठी शेतीच्या चॅनलनं त्या नादी लागू नये, हे माझं मत.

शीर्षक लोक जसं बोलून शोधतात तसं: "सोयाबीन पिवळं का पडतंय". विद्यापीठाच्या पुस्तिकेतली भाषा शीर्षकात नको. थंबनेलच्या, म्हणजे व्हिडिओच्या मुखचित्राच्या, उजव्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं नकोत, तिथं व्हिडिओची वेळ येऊन बसते. वावरात वारं असतं, कॉलर माइकला स्पंजाची टोपी घाला. आवाज फरफरला की आलेख तिथंच कोसळतो.

"गॅरंटीनं तास भरून देतो" म्हणणारे शहरात आहेत, "तू मला कर, मी तुला करतो"वाले व्हॉट्सॲप ग्रुपही आहेत. खोटे तास युट्यूब काढून टाकतं, आणि ग्रुपमधून आलेला सबस्क्रायबर व्हिडिओ बघतच नाही.

५०० सबस्क्रायबर, ३,००० तास आणि ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ असले तर खालच्या पायरीवर आधी शिरता येतं, पण तिथं जाहिरातीचा वाटा नाही, फक्त मेंबरशिप आणि सुपर थँक्ससारख्या, प्रेक्षकांनी थेट पैसे द्यायच्या गोष्टी.

पट्टी भरली की त्याच दिवशी अर्ज करा. अर्ज गेल्यावर आकडा खाली आला तरी तपासणी थांबत नाही. तपासणीला साधारण महिना धरा. पहिल्यांदा नाकारलं तर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, म्हणून त्या महिन्यात किती तास गळणार हे आधीच बघून ठेवा. आणि ॲडसेन्समध्ये, म्हणजे पैसे जमा होतात त्या गूगलच्या खात्यात, पत्ता टाकताना गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड सगळं नीट लिहा, कारण १० डॉलर झाल्यावर पत्ता पडताळायच्या पिनचं पत्र टपालानंच येतं.