आधी हालुष्की, मग बाकीचं

व्हिएन्नाहून सकाळच्या गाडीने ब्रातिस्लाव्हाला यायचं, किल्ला बघायचा, डॅन्यूबबरोबर फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत. स्लोव्हाकिया बघण्याची ही रूढ पद्धत. गाडीला जेमतेम तास लागतो, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण ही मंडळी दुपारी पिझ्झा खातात, त्याचं मात्र वाईट वाटतं.

मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ब्रिंड्झोव्हे हालुष्की. कच्चा बटाटा किसायचा, मैदा आणि मीठ घालून सैलसर पीठ कालवायचं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मोठ्या भोकांची चाळणी धरून ते खाली पाडायचं. बुंदी पाडणाऱ्याला हे शिकवावं लागणार नाही. सराईत हात असेल तर चाळणीही लागत नाही; लाकडी पाटावर पीठ घेऊन सुरीच्या पात्याने त्याचे तुकडे सटासट पाण्यात सोडले जातात. तुकडे वर तरंगले की निथळून काढायचे, गरम असतानाच त्यात ब्रिंड्झा, म्हणजे मेंढीच्या दुधाचं मऊ, खारट चीज कालवायचं. वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, सुटलेल्या चरबीसकट. ते नको असेल तर आधीच सांगावं, नुसते हालुष्की मिळतात.

दिसायला पदार्थ अगदीच बेताचा. पांढऱ्यावर पांढरं, कोथिंबीर भुरभुरायला हात शिवशिवतात. पण पहिल्या घासाला जो आंबूस खारटपणा जिभेवर येतो, आणि मागून मेंढीचा किंचित उग्र वास, तो एकदा आवडला की आवडलाच. गप्पा मारत खायचं हे ताट नाही. गार झालं की त्याचा गोळा होतो.

यातला बटाटा तसा नवखा, अठराव्या शतकात रुळलेला. मेंढ्या त्याच्या कितीतरी आधीच्या. चौदाव्या शतकापासून वलाख धनगर कार्पेथियन डोंगररांगांमधून कळप घेऊन इकडे सरकत आले आणि चीज करण्याची विद्या त्यांच्याबरोबर आली. डोंगरातल्या धनगरवाड्याला इथे सालाश म्हणतात आणि मुख्य धनगराला बाचा. बाचा दूध विरजवून त्याचा गोळा फडक्यात टांगतो. तो मुरला की मीठ घालून दळायचा, म्हणजे ब्रिंड्झा. देत्वा गावात 1787 मध्ये यान वागाच याने त्याचा पहिला कारखाना काढला. 2008 पासून ‘स्लोव्हेन्स्का ब्रिंड्झा’ या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. जाणकार मात्र शिक्का बघत नाहीत, महिना बघतात. मे महिन्यात कळप कोवळ्या गवतावर सुटतात, तेव्हाचं ब्रिंड्झा सगळ्यात चांगलं. शक्य असेल तर सहल त्या बेताने आखा. सालाशवर गेलात तर झिंचित्साही प्या, हे मेंढीच्या दुधाच्या निवळीपासून केलेलं आंबट पेय. कोरीव मुठीच्या लाकडी चर्पाकातून प्यायची जुनी रीत आहे.

तळलेलं चीज, टार्टर सॉस आणि बटाटे हे ताट जवळजवळ प्रत्येक खाणावळीत मिळतं. शाकाहारी माणूस त्यावर आठवडा काढू शकतो, आनंदाने काढेल असं नाही.

त्यापेक्षा शूल्यांत्से मागवा. बटाट्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या उकडून, वर वाटलेली खसखस, पिठीसाखर आणि वितळलेलं लोणी. खसखस आपल्यासारखी पांढरी नव्हे, निळसर काळी, आणि चिमूटभर नव्हे, चांगली मूठमूठ. गंमत म्हणजे हे शेवटचं गोड नाही. आधी सूप, मग हेच जेवण! वरण-भाताच्या जागी कुणी पुरणपोळीच वाढली तर मी तरी तक्रार करणार नाही.

नाताळात गेलात तर कापुस्त्नित्सा चुकवू नका. आंबवलेल्या कोबीचं सूप, त्यात वाळवलेल्या रानअळंब्या, कुठे धुरावलेलं सॉसेज, कुठे सुकी आलुबुखारं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी काही घरांत उपवासामुळे मांस वर्ज्य, तर काही घरांत सॉसेजशिवाय पातेलं चुलीवर चढतच नाही. त्याआधी पातळ वेफर मधाबरोबर खातात, आणि सोबत कच्ची लसूण. सूप आंबट किती असावं, मलई घालावी की नाही, यावर दोन घरांचं एकमत होत नाही. सासर-माहेरच्या आमटीवरून आपल्याकडे जे चालतं, तेच तिथे कोबीवरून चालतं, आणि पाहुण्याला दोन्हीकडे दुसऱ्यांदा वाढून घ्यावं लागतं.